पावसाळी रानभाज्या: शेवळं खाजू नयेत म्हणून काय करता?

लातूरची लेक, डोंबिवली
जून लागला की स्टेशनबाहेर कर्जत-कसाऱ्याकडच्या बायका टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं घेऊन बसतात. माझं माहेर लातूरचं, त्यामुळे शेवळं मी इथे येऊनच पाहिली. या पावसाळ्यात लांबून ट्रकने येणारी भाजी कमी करून जवळची खायची, असं घरी ठरलंय. पण शेवळं घशाला खाजतात म्हणे? बाकीच्या कशा करायच्या? सिलिंडरही पुरवायचाय.

माईकाकू, कर्जत
आधी शेवळांचं सांगते, कारण ती पहिल्या पावसात थोडेच दिवस मिळतात. शेवळं सुरणाच्या कुळातली, म्हणून खाजरी. वरची पानं सोलायची, आतला पिवळट-केशरी दाणेदार भाग काढून टाकायचा आणि उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. मग काकडांचा रस. काकडं म्हणजे हिरवी, आंबट, छोटी फळं. शेवळं विकणारीकडेच मिळतात, मागून घ्या. नसलीच तर चिंचेचा कोळ, पण आंबटाशिवाय शेवळं करूच नका. आमच्याकडे त्यात वालाची डाळ किंवा कोलंबी पडते.

टाकळ्याचे फक्त कोवळे शेंडे घ्या. कांदा, लसूण, मिरची, भिजवलेली मुगडाळ, वरून ओलं खोबरं, झालं. फोडशी दिसते गवतासारखी. बुडखा कापून माती जाईपर्यंत धुवायची, चणाडाळ घालून छान होते. कुर्डूला तुरे आले की ती जून झाली, घेऊ नका. भारंगी कडू, उकडून पिळून घ्यायची आणि मोडाच्या वालात घालायची.

गॅसचं म्हणाल तर कडधान्य रात्री भिजत घालायचं, मोड आले की लवकर शिजतं. भाजीवर ताट झाकून त्यात पाणी ठेवायचं. भाजी वाफेवर शिजते, करपत नाही, आणि ताटातलं गरम पाणी रश्श्याला किंवा आमटीला घालता येतं. कुकरमध्ये खाली डाळ, वर भात. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, वाफ आपोआप जिरू द्यायची.

आणि त्या बायकांशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका, ही माझी कळकळीची विनंती. पहाटे डोंगर चढून भाजी खुडायची, मग लोकल पकडायची, याची मजुरी त्या जुडीत कुठे धरलेली असते?

रानवाटा
काकूंशी सहमत. एक जोड: रेल्वे रुळांकडेचा किंवा नाल्याकाठचा टाकळा स्वतः तोडू नका, तिथलं पाणी घाण असतं. रानात गेलात तरी शेवळाचा कंद उपटू नका, त्यावरच पुढच्या वर्षीचा कोंब येतो. आणि खात्रीने ओळखणारं माणूस सोबत नसेल तर कोणतीही रानभाजी तोडू नका.

अकोलेकर
वालाचा विषय निघालाय म्हणून. आमच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 ची पद्मश्री मिळाली ती गावरान बियाणी जपण्यासाठी, त्यांत वालाचे कितीतरी प्रकार आहेत. गॅलरीत ऊन येत असेल तर मोठ्या कुंडीत गावरान वालाचा एक वेल लावा. शेंगा खा, पण चार-सहा वेलावरच वाळू द्या. पुढच्या पावसाळ्याचं बी घरचंच होईल.

लातूरची लेक, डोंबिवली
काकू, काकडं उद्याच मागते. पाण्याचं ताट आजच ठेवलं, मुगाची उसळ मऊ झाली.

माईकाकू, कर्जत
छान. आता तुमची पाळी. मराठवाड्यात घोळ, पाथरी, तांदुळजा खातात ना? घोळ आमच्या बाजारातही येते. तुमच्या आईची पद्धत लिहा.

लातूरची लेक, डोंबिवली
तुरीची डाळ शिजवून घोटायची. लसणाच्या फोडणीवर चिरलेली घोळ परतायची, मग डाळ, तिखट, मीठ आणि मूठभर शेंगदाण्याचं कूट. घोळ मुळात आंबट, चिंच कमीच घाला. सोबत ज्वारीची गरम भाकरी.