रविवारी नांदूर मध्यमेश्वर, कोण कोण येतंय?

वैशाली (बी-२०३): या रविवारी निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जायचं का? मुलं कधीची मागे लागलीत. दोन-तीन गाड्या झाल्या तर मजा येईल.

अमोल (सी-१०१): एक नंबर! हा फोटो बघा, आत्ताच आला. सगळं पाणी गुलाबी! अर्धी सोसायटी चला.

सोनवणे काका (ए-४०१): अमोलराव, फोटोत मागे ऐरोलीचा पूल दिसतोय. ही ठाण्याची खाडी आहे. आपल्याकडे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, पण पाणी उतरलं तर, आणि तेही थोडेच. त्यांच्या नावावर पोरांना नेऊ नका, हिरमुसतील.

अमोल: मग बघायचं काय? बदकं?

सोनवणे काका: बदकंच. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. आणि पट्टकादंब चुकवू नका. पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असतात. वीण तिबेट-मंगोलियाच्या तळ्यांवर, थंडीत हिमालय ओलांडून इकडे. सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालीय, कारण तिथल्या विरळ हवेतलाही प्राणवायू त्यांचं रक्त धरून ठेवतं. रात्री-पहाटे गव्हा-हरभऱ्यात चरतात आणि उजाडलं की रांगा धरून पाण्यावर परततात. शेतकरी मात्र त्यांचं कौतुक करत नाही. माझा चुलतभाऊ सायखेड्याला असतो, त्याची भाषा ग्रुपवर टाकण्यासारखी नाही.

वैशाली: काका, पण यंदा पक्षी कमी आहेत म्हणे. ऑफिसातली एक जण जाऊन आली, तिला नुसते लांब ठिपके दिसले.

सोनवणे काका: पक्षी कमी नसतील, पाणी जास्त असेल. माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्यामुळे जरा लांबण लावतो. पावसाळ्यात रोज बातमी असते ना, 'नांदूर मध्यमेश्वरमधून इतके क्युसेक जायकवाडीकडे'? तोच हा बंधारा. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बांधला, डाव्या-उजव्या कालव्याला पाणी द्यायला. कोपरगाव-राहात्याकडचा ऊस त्याच्यावर उभा राहिला. पुढे दोन्ही नद्या गाळ आणत राहिल्या आणि साठा घटला. आमच्या खात्याच्या हिशेबात हे नुकसानच. पण त्याच गाळामुळे उथळ पाणी, बेटं, लव्हाळी, पाणवनस्पती तयार झाल्या, आणि पाखरं त्यासाठीच येतात. गंगापूर धरणाच्या खोल पाण्यात त्यांना तेवढं खायला कुठे मिळणार?

सोनवणे काका: आता मुद्दा. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, चालू आहे की बंद, वरून दारणा-गंगापूरचं पाणी सोडलंय का, यावर पातळी खाली-वर होते. उतरली की चिखल उघडा पडतो आणि शेकाटे, तुतवार, चमचे असे चिखलात चरणारे पक्षी काठाशी येतात. चढली की ते पांगतात, मधे बदकं आणि वारकरी पक्षी (कूट) तेवढे उरतात. तुमच्या मैत्रिणीला तेच ठिपके दिसले असणार. मी तर आधी आवर्तनाची चौकशी करतो, मगच गाडी काढतो.

सेक्रेटरी: माहिती उत्तम. परंतु हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. डी विंगची टाकी रविवारी सकाळी १० ते १२ धुतली जाईल, पाणी भरून ठेवावे.

अमोल: साहेब, आम्हीही पाण्यावरच बोलतोय. डी विंगचं आवर्तन कधी सुटणार?

जोशी काकू (बी-१०२): पक्ष्यांना घालायला पाव-शेव घेऊ का? मुलांना आवडतं.

सोनवणे काका: नको वहिनी. पाण्यातलं बी, कंद, किडे हेच त्यांचं खाणं. शिवाय १९८६ पासून ते अभयारण्य आहे. स्पीकरही नको, ड्रोनही नको. २०२० च्या जानेवारीत रामसर, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचं नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. लोणार आणि अमोलरावांची ठाण्याची खाडी नंतर.

अमोल: काका, सोडा आता त्या फोटोला. निघायचं किती वाजता?

सोनवणे काका: साडेपाच. चांदोरी, सायखेडा करून चापडगाव. पेपरात तिथल्या जवळच्या कुंदेवाडीचा पारा बघा आणि तसे कपडे घाला. धुकं असलं तर थांबावं लागेल, पण उशिरा पोचण्यापेक्षा ते परवडलं.

अमोल: रविवारी साडेपाच?! आणि मिसळ?

सोनवणे काका: परतताना. आधी मिसळ केली तर तिथे अकरा वाजतात. तोवर बदकं पाठीत चोच खुपसून बसलेली असतात.

रिया (बी-२०३): आजोबा, मार्श हॅरियर, तो शिकारी पक्षी, दिसेल का? मला तोच बघायचाय. आईच्या फोनवरून लिहितेय.

सोनवणे काका: दिसायला हवा. पण त्याला शोधत बसू नकोस, वारकऱ्यांवर नजर ठेव. काळे, पांढऱ्या कपाळाचे, पाण्यावर पसरलेले असतात. ते एकदम गोळा होऊन एकमेकांना चिकटले की वर बघ. लव्हाळ्यावरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून तरंगत येणारा दिसला तर तोच. बदकंही मग एका दमात उठतात. माझी ८×४२ दुर्बीण तुला देतो. त्याहून मोठ्या आकड्याची असली तर हात हलतो आणि पक्षी नाचायला लागतो.

वैशाली: मग तीन गाड्या नक्की. साडेपाचला गेटपाशी. कोणाची नावं राहिलीत?

सेक्रेटरी: टाकी शनिवारी धुऊन घेऊ. माझी आणि मिसेसची जागा धरावी.

सोनवणे काका: धरली. तो तुमचा पांढराशुभ्र सफारी तेवढा घालू नका.