देवगिरीतली यक्षिणी: कादंबरीचा खर्डा (कच्चा मसुदा) वाचून सांगा

प्रश्न: 1296 चा अलाउद्दीन खिलजीने यादवांच्या देवगिरीला घातलेला वेढा, नायिका वेरूळच्या लेण्यातली यक्षिणी. कादंबरीत काय जमलंय, काय फसलंय?

उत्तर 1: प्रेमाची बाजू दणकट. धान्य समजून किल्ल्यात घेतलेली पोती मिठाची निघाली, ही जुनी कथा नायक-नायिकेच्या भांडणाला जोडलीत, झकास! पण यक्षिणीची जादू फुकटची आहे, तिला त्यासाठी काही गमवावं लागत नाही. मग वेढ्याची भीती कुणाला? दर जादूमागे तिचं काहीतरी कायमचं जाऊ द्या. आधी एखादी आठवण, शेवटी आवाज.

उत्तर 2: नायक देवगिरीच्या किल्ल्यातल्या चांदमिनारावर चढतो? अहो, तो बहमनी काळातला, 15व्या शतकातला! मिरचीचा ठेचाही काढा, मिरची पोर्तुगीजांनी आणली. मिरी, हिंग चालेल. रुपयाऐवजी पद्मटंक, म्हणजे यादवांचं सोन्याचं नाणं, लिहा.

उत्तर 3: यादवांची वंशावळ लई लांबलीय राव. वेढ्यापासूनच सुरू करा.