चर्चा: ‘ओझोन-स्नेही’चा शिक्का आता काढून टाकावा का?

गारठा (धागाकर्ता):
एसीच्या खोक्यावर ‘ओझोन-स्नेही’ असं हिरव्या अक्षरांत छापलेलं दिसलं की आपण निर्धास्त होतो. माझ्या मते हा शिक्का आता दिशाभूल करतो.

फ्रिज-एसीत थंडावा देणारा आर-१२ हा गॅस १९२८ मध्ये अमेरिकी अभियंता थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधला. १९३० साली मिजलीने तो सगळ्यांसमोर छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटतही नाही, दोन्ही एका दमात सिद्ध! पुढे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की यातला क्लोरीन वर जाऊन ओझोन खातो. १९८५ ला अंटार्क्टिकावरचं भगदाड जाहीर झालं, १९८७ ला ओझोन वाचवण्यासाठी मॉन्ट्रियल करार. मग क्लोरीन नसलेले १३४ए आणि ४१०ए हे गॅस (एचएफसी) आले. ओझोनला धक्का नाही, पण ४१०ए शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २०८८ पट तापवतो. आता एचएफओ नावाचे नवे गॅस आलेत. ते हवेत लवकर विरतात खरे, पण त्यातल्या १२३४वायएफचं शेवटी टीएफए (ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल) होतं आणि ते पाण्यात साचून राहतं.

दर पिढीत नवा रेणू आणि नवा पश्चात्ताप. त्यापेक्षा प्रोपेन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड हे जुनेजाणते काय वाईट?

फ्लेअरनट:
असहमत. अठरा वर्षं एसी दुरुस्त करतोय, म्हणून लिहितो.

फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो पन्नास-साठ ग्रॅम, तोही कारखान्यातच सीलबंद. स्प्लिट एसीचं तसं नाही. त्याचे जोड भिंतीवर चढून माणूस करतो, कधी घाईत, कधी अंधारात. फ्लेअर, म्हणजे पाइपाचं पसरवलेलं तोंड, जरा तिरका बसला की नट कितीही आवळा, गॅस झिरपतोच. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपात गॅस शिल्लक असताना पाइप जोडायचा गॅस-टॉर्च पेटवणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. ४१०ए होता म्हणून नुसता घसा जळला. प्रोपेन असता तर?

उलटतपासणी:
फ्लेअरनट, हीच भीती १९९३ मध्येही घातली होती. पूर्वीच्या पूर्व जर्मनीतल्या फोरॉन कंपनीने ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या साथीने हायड्रोकार्बनचा, म्हणजे प्रोपेन-आयसोब्युटेनसारख्या पेटणाऱ्या गॅसचा, फ्रिज बाजारात आणला, तेव्हा बड्या कंपन्या म्हणाल्या, घरात बॉम्ब ठेवताय. आज घरगुती फ्रिजांत आयसोब्युटेन सर्रास असतो. आणि स्वयंपाकघरात किलोकिलोंनी भरलेलं एलपीजीचं सिलिंडर चालतं, भिंतीवरचा तीनशे ग्रॅम प्रोपेन चालत नाही?

फ्लेअरनट:
सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण वास मुद्दाम मिसळलेला असतो. एसीत भरायच्या प्रोपेनला सहसा वास नसतो. नाकाला कळतच नाही, सेन्सर लागतो. फ्रिजचं उदाहरण मला मान्य आहे, मी ते वरच दिलंय. माझा आक्षेप जोडणीला आहे, गॅसला नाही. आता सगळीकडे भरतात तो आर-३२ सुद्धा थोडा पेटतोच, हे किती जणांना माहीत आहे?

मीटरवाला:
दोघंही गॅसवर भांडताय, मीटरकडे कोणी बघत नाही. एसी आयुष्यभरात पृथ्वी जेवढी तापवतो, त्यातला मोठा वाटा त्याने खाल्लेल्या विजेचा असतो. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवच होत नाही. बाहेर चाळीस अंश असताना त्याला प्रचंड दाबाखाली राबवायचं म्हणजे बिल फुगणार. अमोनिया मोठ्या शीतगृहात उत्तम, घरात कोण ठेवणार? थोडा सुटला तरी डोळ्यांतून पाणी. गॅस कुठलाही घ्या, वीज कमी खाणारं यंत्र घ्या.

उलटतपासणी:
एसीपुरतं ठीक. सुपरमार्केटमध्ये हा हिशेब पार बदलतो. तिथे शीतकपाटांना जोडणाऱ्या लांबच लांब पाइपलाइन आणि शेकडो जोड. आत आर-४०४ए गॅस असेल तर तो कार्बन डायऑक्साइडच्या ३९२२ पट तापवतो. तिथल्या गळतीला मीटर कितीसा पुरणार?

गारठा:
उलटतपासणी यांना +१. मीटरवाल्यांचा मुद्दा मी धाग्यात सोडूनच दिला होता, चूक मान्य. पण रवांडातल्या किगालीत २०१६ ला एचएफसी टप्प्याटप्प्याने घटवायचं ठरलं, ते काही उगाच नाही. फ्लेअरनट, प्रशिक्षण दिलं तर प्रोपेन चालेल ना?

फ्लेअरनट:
चालेल, पण आधी आजचंच बघा. जुना एसी काढताना गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा असतो. त्याला वेळ लागतो. गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं, पुढचं काम खोळंबलेलं. व्हॉल्व्ह उघडला की फुस्स, दोन मिनिटांत मोकळं. तुमचा मागचा एसी काढला तेव्हा त्यातला गॅस कुठे गेला, विचारलं होतं?

गारठा:
नाही विचारलं. फुस्स मात्र ऐकलं होतं.