शब्दचर्चा: नाणी ‘पाडतात’ की ‘ओततात’?

प्रश्न: मुंबईच्या टांकसाळीबद्दलच्या एका लेखात ‘नाणी ओतली जात’ असं वाचलं. माझे आजोबा मात्र कायम ‘नाणी पाडणे’ म्हणत. बरोबर काय? आणि पाडणे म्हणजे तर खाली टाकणे. ते नाण्याला कसं लागू होतं?

उत्तर: आजोबांचं बरोबर. ‘पाडणे’चा अर्थ खाली टाकणे एवढाच नाही. आपण छाप पाडतो, भांग पाडतो, पायंडा पाडतो, वड्या पाडतो. धातूवर ठसा उमटवून नाणं तयार करणं म्हणजे नाणं पाडणं.

ओतणं टांकसाळीत होतं, पण ते अगदी सुरुवातीला. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो इथे मॅथ्यू बोल्टनने 1788 मध्ये वाफेवर चालणारी टांकसाळ उभारली. अशा टांकसाळीतलं काम पाहिलं की शब्दांची जागा कळते. आधी धातू वितळवून त्याच्या जाड पट्ट्या ओतायच्या. मग पोळी लाटावी तशा त्या लोखंडी रुळांमधून काढून हव्या तेवढ्या पातळ करायच्या. पट्टीतून गोल चकत्या कापायच्या आणि उरलेली भोकाभोकांची पट्टी पुन्हा मुशीत टाकायची. रुळांखालून गेलेला धातू कडक होतो, म्हणून चकत्या भट्टीत तापवून मऊ करायच्या आणि सौम्य आम्लात धुऊन त्यांवरचा काळेपणा काढायचा. इथपर्यंत ती नुसती चकतीच. खालच्या आणि वरच्या ठशाच्या मध्ये दाबली गेली की त्या क्षणी तिचं नाणं होतं. ‘ओतलं’ म्हटलं तर नेमका हा क्षणच हरवतो.

प्रश्नकर्ता: मग ‘साचा’ म्हणणंही चुकीचंच का?

उत्तर: हो, इथे ठसाच. साच्यात पातळ पदार्थ जातो, ठशाखाली घट्ट. आणि हा ठसा आपल्या शब्दांत फार खोल रुतलेला आहे. ‘सिक्का’ हा अरबी शब्द मुळात ठशाचा, म्हणजे हत्याराचा. तो नाण्याला चिकटला, आणि मराठीत ‘शिक्का’ होऊन कागदावर उमटू लागला. संस्कृत ‘टंक’ म्हणजे छिन्नी आणि ठसा मारलेलं नाणंही. त्यावरून टंकशाला, म्हणजे आपली टांकसाळ. बांगलादेशाचा टाका त्याच घरातला. इंग्रजी ‘कॉइन’सुद्धा पाचर किंवा ठसा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. तीन भाषांनी नाण्याला नाव दिलं ते हत्याराचं. मला ही गोष्ट विलक्षण वाटते.

आणखी एक प्रतिसाद: शिवराईवर अक्षरं अर्धवट का दिसतात, याचं उत्तरही यातच आहे. हातोड्याने नाणी पाडत तेव्हा ठसा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे अख्खा मजकूर नाण्यावर मावतच नसे. शिवाय कड मोकळी असल्याने घाव बसला की धातू वेडावाकडा पसरे. यंत्राच्या टांकसाळीत चकतीभोवती पोलादी कडं बसवलं. धातूला बाहेर पसरायला जागाच उरली नाही आणि प्रत्येक नाणं सारख्या व्यासाचं निघू लागलं. कड कापून धातू चोरणाऱ्यालाही आळा बसला, कारण कापलेलं लगेच दिसे. बोल्टनने 1797 मध्ये तांब्याची पेनी पाडली ती बरोबर एक औंसाची.

इथेच ‘बट्टा’ आठवतो. चांदवडी, अंकुशी असे कितीतरी रुपये बाजारात होते. एका रुपयाच्या बदल्यात दुसरा देताना सराफ कसर कापून घेई, तो बट्टा. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार आजही बोलण्यात आहे. मुंबईच्या फोर्टमधली टांकसाळ 1829 ची. 1835 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सगळीकडे एकच रुपया लागू केला, 180 ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा. म्हणून तर घरगुती औषधांच्या जुन्या कृतींत ‘रुपयाभार’ हे माप चाललं.

प्रश्नकर्ता: आणि ‘छापा-काटा’? छापा समजला, पण काटा कुठून आला?

उत्तर: माझं मत सांगतो. मुंबई इलाख्यासाठी 1791 आणि 1794 मध्ये सोहोत तांब्याची नाणी पाडून घेतली होती. त्यांच्या एका बाजूला कंपनीची खूण, आणि दुसऱ्या बाजूला तराजू. तराजूच्या पारड्यांमध्ये ‘अदल’, म्हणजे न्याय, हा शब्द फारसी लिपीत. 1830 नंतर मुंबईत पाडलेल्या पाव आण्यावरही तराजू आहेच. मराठीत तराजूला आपण काटा म्हणतो. एका बाजूला छापा, दुसऱ्या बाजूला काटा, आणि नाणं पोरांच्या रोजच्या हातातलं. मला हे जुळणं योगायोगाचं वाटत नाही. 1830 च्या आधीच्या एखाद्या मराठी कागदात ‘छापा-काटा’ कुणाच्या वाचनात आला असेल तर इथे जरूर लिहा. आणि घरच्या जुन्या डब्यात तराजूचा पाव आणा असेल, तर तो एकदा बाहेर काढून दोन्ही बाजूंनी बघा.