मदत हवी आहे: सहा वर्षं हप्ते भरले आणि बाबांचा क्लेम 'बीपी लपवलं' म्हणून रिजेक्ट

लालबागची_लेक

नमस्कार मंडळी. नेहमी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६४ वर्षांचे, बेस्टमधून रिटायर. मी नोकरीला लागल्यावर मार्च २०१९ मध्ये त्यांची मेडिक्लेम काढली, ३ लाखांची, २०२३ च्या रिन्यूअलला ५ लाख केली. एकही हप्ता चुकवला नाही आणि आजवर एक रुपयाचा क्लेम नाही. गेल्या महिन्यात रात्री दीड वाजता त्यांच्या छातीत कळा यायला लागल्या, बनियन घामाने चिंब, टॅक्सी करून जवळच्या हॉस्पिटलला नेलं (नाव टाकत नाही), सकाळी अँजिओग्राफी आणि लगेच एक स्टेंट. कॅशलेसचे (विमा कंपनी परस्पर हॉस्पिटलला देते ते) सुरुवातीला ८० हजार मंजूर झाले म्हणून आम्ही निर्धास्त.

चौथ्या दिवशी सकाळी ११ ला डॉक्टर म्हणाले घरी न्या. आई सकाळीच डबा घेऊन आलेली, बाबा शर्ट-पँट घालून बेडवर बसलेले, पायात चपला पण घातल्या होत्या. दुपारी अडीचला हॉस्पिटलने फायनल बिल टीपीएला (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी मधली एजन्सी) पाठवलं. मग चार वाजले, सहा वाजले, काउंटरवर एकच उत्तर, 'अप्रूव्हल पेंडिंग'. रात्री पावणेआठला मेल आला की क्लेम नामंजूर, आधीचे ८० हजार पण रद्द. कारण काय तर केस पेपरवर 'बीपी ८ वर्षांपासून' असं लिहिलंय आणि फॉर्ममध्ये ते सांगितलं नव्हतं.

बिल ३ लाख ४२ हजार. भरल्याशिवाय गेटपास नाही म्हणाले. दोन क्रेडिट कार्ड आणि आत्याकडून उसने करून भरले तेव्हा साडेदहाला तो गुलाबी कागद हातात पडला. वर उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचं रूमभाडं लावलं ते वेगळंच.

आता खरी गंमत. बाबांना बीपीची गोळी २०२१ मध्ये सुरू झाली, आमच्या फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी आहे घरात. ८ वर्षं आलं कुठून? तर कॅज्युअल्टीत ज्युनियर डॉक्टरने विचारलं तेव्हा मी फॉर्म भरत होते आणि काकांनी ठोकून दिलं, 'असेल सात-आठ वर्षं!' काकांशी सध्या घरात कोणी धड बोलत नाहीये.

एजंट म्हणतो सोडून द्या, तक्रार केली तर पुढच्या वर्षी पॉलिसी बंद करतील. खरंच असं करू शकतात? आणि केस पेपरवरची ती ओळ बदलून घेता येईल का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

विरार_फास्ट

इन्शुरन्सवाले सगळे चोर. त्यापेक्षा एफडी करायची दर वर्षी.

काउंटर_नं_४

मी नऊ वर्षं हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर काढलीत म्हणून लिहितो. सगळ्यात आधी, ती ओळ बदलायच्या भानगडीत पडू नका. खाडाखोड केलेला केस पेपर म्हणजे कंपनीच्या हातात आयतं कोलीत, आज नुसतं 'लपवलं' म्हणतायत उद्या 'फ्रॉड' म्हणतील. त्याऐवजी ज्या डॉक्टरने स्टेंट टाकला त्यांच्याकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या की हिस्टरी नातेवाइकाने अंदाजे सांगितली होती, आणि सोबत २०२१ ची चिठ्ठी लावा. पूर्ण इनडोअर पेपर (ॲडमिट असतानाचे सगळे कागद) लेखी अर्ज देऊन मागा. मेडिकल कौन्सिलच्या नियमाप्रमाणे ७२ तासांत द्यावे लागतात, 'एमआरडी (रेकॉर्ड विभाग) बंद आहे' वगैरे ऐकून परत येऊ नका, अर्जावर पोच घ्या.

तुमच्या केसमध्ये खरी चावी वेगळीच आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती सांगितली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फक्त फसवणूक सिद्ध केली तरच. याला मोरॅटोरियम म्हणतात. आधी आठ वर्षं होती, २०२४ मध्ये आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) पाच केली. तुमची मार्च २०१९ ची, म्हणजे पाच वर्षं कधीच उलटली. बीपी आठ वर्षांचं का चार वर्षांचं हा वादच मागे पडतो.

लालबागची_लेक

अहो हे मला कुणीच सांगितलं नाही! एजंटने तर नाहीच. मग पूर्ण ३ लाख ४२ हजार मिळायला हवेत ना?

काउंटर_नं_४

तिथे एक गोम आहे. सम इन्शुअर्ड (विम्याची रक्कम) वाढवली की वाढवलेल्या रकमेचे ६० महिने वाढवल्या तारखेपासून वेगळे मोजतात. तुमचे पहिले ३ लाख सुरक्षित, वरच्या ४२ हजारांवर ते भांडू शकतात. २०२३ ला रक्कम वाढवताना बीपीचं सांगितलं होतं का?

लालबागची_लेक

एजंटने ऑनलाइन केलं, मला फक्त ओटीपी विचारला. 😔

काउंटर_नं_४

मग त्या ४२ साठी जीव काढू नका. मागा जरूर, पण सगळा जोर ३ लाखांवर ठेवा. आणि ओटीपी देताना फॉर्म वाचत जा बाई, निम्म्या केसेस तिथेच मरतात.

सुमा_दादर

अगं, त्या दिवशीच्या उशिराबद्दल पण लिही तक्रारीत. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या सर्क्युलरमध्ये स्पष्ट आहे, कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी फायनल मंजुरी तीन तासांत. घड्याळ हॉस्पिटलने बिल पाठवल्यापासून सुरू होतं, डॉक्टरने घरी जा म्हटल्यापासून नाही, म्हणून अडीच ते पावणेआठ धर. तीन तासांच्या पुढे जो जास्तीचा खर्च हॉस्पिटल लावतं तो कंपनीने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. तुझं ते अर्ध्या दिवसाचं रूमभाडं त्यातलंच. मेलवरच्या वेळेचा स्क्रीनशॉट काढून ठेव.

अजून एक. क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते आणि पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम द्यावं लागतं. तुझ्या मेलमध्ये कलम दिलंय का? नसेल तर पहिला प्रश्न तोच विचार.

आणि गेटपास अडवून धरणं, हे तर मला सगळ्यात जास्त खटकलं. बिल राहिलं म्हणून बऱ्या झालेल्या पेशंटला डांबून ठेवता येत नाही, मुंबई हायकोर्टाने पण यावर कान उपटलेत. पैसे वसूल करायला त्यांना कायद्याचे दुसरे मार्ग आहेत. आयटमवार बिल मागायचा तर तुझा हक्कच आहे. पण खरं सांगू, रात्री दहाला बाप चपला घालून बसलेला असताना कोण कायदा काढणार, मी पण कार्डच काढलं असतं.

लालबागची_लेक

मेलमध्ये कलम नाहीये, आत्ता परत वाचलं. नुसतं 'नॉन डिस्क्लोजर ऑफ मटेरियल फॅक्ट्स', म्हणजे महत्त्वाची माहिती सांगितली नाही. पॉलिसी बंद करण्याचं काय पण? आईला तीच धास्ती आहे.

मुलुंडचे_अण्णा

क्लेम केला म्हणून रिन्यूअल नाकारता येत नाही, हा नियमच आहे. एजंटला कटकट नको असते म्हणून तो घाबरवतो. मार्चचा हप्ता मात्र न चुकता भरा, सलगपणा तुटला की हातातलं हत्यार गेलं.

मी २०२२ मध्ये बायकोच्या ऑपरेशनसाठी यातून गेलोय, क्रम सांगतो. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल, सोबत सगळे कागद. तीच तक्रार आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर टाका, नाहीतर १५५२५५ ला फोन करा. नकार आला किंवा महिनाभर उत्तर नाही आलं तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींवर निकाल देणारे अधिकारी). फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही, आपणच बोलायचं. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. निकाल कंपनीवर बंधनकारक, आपल्याला नाही पटला तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा. फक्त आयोगात आधी केस टाकली तर लोकपाल घेत नाहीत, म्हणून उलटं करू नका.

सुनावणीत कंपनीचा माणूस भारी इंग्रजी झाडत होता, मी मराठीत तारखा सांगितल्या. पैसे मिळाले, पण त्यात सात महिने गेले, हे पण सांगून ठेवतो.

लालबागची_लेक

अण्णा, लोकपालाचं ऑफिस कुठे? आम्ही लालबागला.

मुलुंडचे_अण्णा

तुमचं सांताक्रूझ पश्चिम, एस. व्ही. रोडवर जीवन सेवा ॲनेक्स. आमचं मुलुंड, भांडुप, घाटकोपर आता ठाण्याच्या ऑफिसला जोडलंय. ऑनलाइन पण भरता येतं.

लालबागची_लेक

खूप खूप आभार सगळ्यांचे. उद्या हाफ डे टाकून इनडोअर पेपरसाठी अर्ज देते. काका स्वतःहून म्हणाले मी येतो लिहून द्यायला की मी अंदाजे बोललो होतो. त्यांचं पत्र चालेल का? आणि तक्रारीचा मेल मी माझ्या नावाने करू ना?

काउंटर_नं_४

काकांचं पत्र जोडा, पण डॉक्टरच्या लेटरहेडची सर त्याला येणार नाही. तक्रार बाबांच्या नावाने आणि त्यांच्याच सहीने करा, पॉलिसी त्यांची आहे. मुलीच्या सहीने आलेले अर्ज परत जाताना मी भरपूर पाहिलेत.