फक्त विंडीवर निघू नका

नागपूर–गडचिरोली हेलिकॉप्टरने जाताना हवामान बघायला विंडी हे ॲप पुरेल का, असं एकाने विचारलंय. नाही पुरणार, ते संगणकी मॉडेलचं भाकीत आहे, निरीक्षण नव्हे. आधी हवामान खात्याच्या ऑनलाइन ब्रीफिंगवरून सोनेगावचा, म्हणजे नागपूर विमानतळाचा, मेटार (सध्याच्या हवामानाची नोंद) आणि टाफ (विमानतळाचा पुढच्या काही तासांचा अंदाज) घ्या. टाफ मात्र विमानतळाभोवतीच्या सुमारे ८ किलोमीटरपुरताच, आणि ढगांची उंचीही विमानतळाच्या पातळीपासून मोजलेली. खरी फसगत हवामान रडारवर होते: रडारपासून १५० किलोमीटरवर, क्षितिजाच्या अर्धा अंश वर रोखलेला किरण जवळपास अडीच किलोमीटर उंचीवरून जातो, खालचं धुकं त्याला दिसतच नाही. उपग्रहाच्या रात्रीच्या इन्फ्रारेड (उष्णतेवरून काढलेल्या) चित्रातही ते जमिनीत मिसळून जातं. म्हणून तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते) यांतला फरक २ अंशांवर आला, की उतरायच्या ठिकाणी फोन करून अमुक टेकडी किंवा टॉवर स्पष्ट दिसतो का, ते विचारा.