नववी-दहावीच्या मुलांना वाचायला लावण्यासाठी इन्स्टा-व्हॉट्सअ‍ॅप कसं वापरावं?

खडूफळा:
वर्गात ४० मुलं, वय १४ ते १६. अवांतर वाचणारी बोटांवर मोजण्याइतकी. शाळेच्या ग्रंथालयाचं खातं काढायचं आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बरा की इन्स्टाग्राम? टाकायचं काय? आणि पहिला उत्साह ओसरला की ग्रुप मुका होतो, त्यावर उपाय? वाचनाचं महत्त्व सांगणारी सुविचारछाप चित्रं कोणी बघत नाही, एवढं कळलंय.

पानखूण:
दोन्ही घ्या, पण कामं वेगळी ठेवा. पुस्तक दाखवायला इन्स्टाग्राम, वाचणाऱ्यांच्या गप्पांना व्हॉट्सअ‍ॅप. अख्खा वर्ग एका ग्रुपमध्ये कोंबला की पाच जण बोलतात आणि बाकीचे ग्रुप म्यूट करतात. एकच पुस्तक वाचणाऱ्या ८-१० जणांचा ग्रुप करा आणि पुस्तक संपलं की तो बंद करा. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणून आधी पालकांची लेखी संमती घ्या.

पोल टाकताना एक गोम लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या नेहमीच्या पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. 'पुस्तक कंटाळवाणं वाटलं का?' असं विचारलंत तर या वयाची मुलं आधी मित्राचं मत बघतात, मग तेच देतात. इन्स्टा स्टोरीवरच्या पोलमधली नावं फक्त खातेदाराला दिसतात, त्यामुळे खरं उत्तर तिथे मिळतं.

खातं शाळेच्या ईमेलवर काढा, कोणा शिक्षकाच्या खासगी नंबरवर नको. ते प्रायव्हेट ठेवा, म्हणजे तुम्ही मंजुरी दिलेल्यांनाच दिसेल, आणि पासवर्ड दोन मोठ्यांकडे असू द्या. इन्स्टाग्रामची वयोमर्यादा १३ आहे. १८ च्या आतल्यांची टीन खाती मुळातच प्रायव्हेट असतात, म्हणून मुलाने स्वतःच्या खात्यावर टाकलेली रील वर्गातल्या निम्म्यांपर्यंत जाणारच नाही. व्हिडिओ मुलांनी करावा, चढवावा मात्र ग्रंथालयाच्या खात्यावरून.

कपाट_क्र_७:
काय टाकायचं ते सांगतो. सर्वांत चांगली चालते ती अर्ध्यावर तोडलेली रील. लांबी ३० ते ४० सेकंद. अर्ध्या मिनिटात मराठीचे ६०-७० शब्दच नीट बोलता येतात, तेव्हा आधी कागदावर लिहून मोजा. सुरुवात लेखकाच्या नावाने किंवा 'नमस्कार मित्रांनो'ने करू नका. थेट पेचात शिरा: मुलगा दार उघडतो, आत कोण असतं? तिथेच थांबायचं, आणि शेवटच्या चौकटीत पुस्तकाचं नाव, कपाट आणि किती प्रती आहेत ते लिहायचं.

चेहरा दाखवायची गरज नाही. खिडकीच्या उजेडात हात आणि पुस्तक पुरे, आवाज मुलाचा. पुष्कळ जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मुख्य वाक्यं पडद्यावर हाताने टाइप करा. आपोआप उमटणाऱ्या मराठी अक्षरांवर विसंबू नका. तळाला खात्याचं नाव आणि उजवीकडे बटणं येतात, तेव्हा मजकूर वरच्या-मधल्या भागात ठेवा.

स्टोरी २४ तासांत जाते, तिचा फायदा घ्या. सोमवारी पुस्तकाचं पहिलं वाक्य नावाविना टाकून क्विझ स्टिकर (पर्यायांतून उत्तर निवडायची चौकट) लावा, मंगळवारी नाव फोडा. एक-दोन ओळी ठीक, पण पानांचे फोटो आणि पीडीएफ फिरवू नका. तो सरळ कॉपीराइटचा भंग आहे.

सगळ्यात जास्त फसतं ते वेगळ्याच ठिकाणी. रील ४० जण बघतात आणि कपाटात प्रत एक! तीन आठवड्यांनी पुस्तक हातात येतं तोवर कुतूहल मेलेलं असतं. ज्याच्या तीन-चार प्रती आहेत त्याचीच रील करा, नाहीतर एका बैठकीत संपणारी कथा निवडा.

खडूफळा:
हे पटलं. आठवड्याला किती पोस्ट? आणि ग्रुपमध्ये एकाने शेवट फोडला तर?

पानखूण:
दोन रील, दोन स्टोरी. रोज टाकलंत तर महिन्याभरात तुम्हीच थकाल. परीक्षेच्या काळात सरळ सुट्टी जाहीर करा.

दिवसाला १५ पानं धरली तर २०० पानी पुस्तक दोन आठवड्यांत होतं. त्याचे चार भाग पाडा आणि प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला भागाचा आकडा लिहायचा नियम करा. 'भाग ३' दिसला की मागे असलेला मुलगा पुढे वाचत नाही. आणि कृपा करून मुलांच्या कमेंटमधलं शुद्धलेखन सुधारू नका. एकदा ऱ्हस्व-दीर्घ काढलात की ग्रुप मुका झालाच समजा. 'आवडलं नाही' म्हणणाऱ्यालाही जागा द्या. 'विसाव्या पानावर का सोडलं' ही रील कौतुकाच्या रीलपेक्षा जास्त वाद घडवते, आणि वाद झाला की दुसरा मुलगा पुस्तक उघडून बघतो.

शाईचा_डाग:
थोडा वेगळा सूर. लाइक म्हणजे वाचन नव्हे. इश्यू रजिस्टर, म्हणजे पुस्तकं दिल्याची नोंदवही, बघा: आधीच्या महिन्यात किती पुस्तकं गेली, नंतरच्या महिन्यात किती? परत येणाऱ्या पुस्तकात 'कुठल्या पानावर थांबलास?' अशी बिननावाची चिठ्ठी ठेवा, तिच्याइतकी खरी माहिती इन्स्टाच्या आकड्यांत नसते. याला गुण मात्र जोडू नका. गुण लावले की मुलं रीलपुरता सारांश नेटवरून उचलतात.

शिवाय ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी स्टोरीतली तीच ओळ त्याच दिवशी वर्गाच्या फळ्यावरही लिहा.